कोचरेकरांच्या भिंतीचा सीमाप्रश्न

शामराव कोचरेकरांनी त्या रविवारी दादरला व्याख्यान ऐकायला जायलाच नको होतं, असं काळाचौकीच्या चाळीत पुढे बरेच दिवस बोललं जात होतं. खरं तर ते व्याख्यानाला गेलेच नव्हते. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत कारकुनी करणारा माणूस सुट्टीच्या दिवशी दादरला जातो तो मेहुणीकडे जेवायला. पण मेहुणीच्या दाराला कुलूप, वर टळटळीत ऊन, आणि समोरच्या वाचनालयात पंखे फिरत असलेले बाहेरून दिसत होते. शामराव पंख्याखाली जाऊन बसले आणि व्याख्यान त्यांच्या अंगावर आलं.

वक्ते पुण्याचे होते. बालशिक्षणातले तज्ज्ञ. मुलाचं चित्र म्हणजे मुलाचं बोलणंच असतं, ते ज्या घरात मानाने भिंतीवर लागत नाही त्या घरातलं मूल हळूहळू मुकं होतं, असं त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की शामरावांना एकदम आपली शाळा आठवली. लहानपणी कोचरे गावच्या शाळेत त्यांनी पाटीवर एक होडी काढली होती. शिडासकट. मास्तरांनी ती थुंकी लावून त्यांच्याच हाताने पुसायला लावली होती. आपण पुढे कारकून का झालो याचा उलगडा शामरावांना त्या पंख्याखाली झाला, आणि आपल्या घरात असं होऊ द्यायचं नाही, असा निश्चय करूनच ते उठले.

निश्चय अमलात आणायला त्यांना जिना चढेपर्यंतच वेळ लागला. त्यांची चौथीतली मुलगी पद्मजा गॅलरीत बसली होती, तिच्या हातात कोळसा होता, रांगोळीसाठी आणून ठेवलेला गेरू तिने पार संपवला होता, आणि खोलीबाहेरच्या भिंतीवर माणसंच माणसं काढून ठेवली होती. तिची आई कौसल्याबाई ओलं फडकं घेऊन भिंतीसमोर उभ्या होत्या. शामरावांनी ते फडकं त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि चार शेजारी ऐकतील अशा आवाजात सांगितलं की, ही भिंत आजपासून पदूची; हिला कोणी हात लावायचा नाही, आणि तो नियम मलासुद्धा लागू आहे.

"भिंत मालकाची आसा," कौसल्याबाई म्हणाल्या. "आणि दिवाळीक सफेदी येतली तेव्हा काय करतलात?"

अशा प्रश्नांना तज्ज्ञांच्या व्याख्यानात उत्तर नसतं. शामरावांनी विषय बदलला. पद्मजाने मात्र बापाचं बोलणं जसंच्या तसं मनात ठेवलं. मुलं नको ती वाक्यं बरोबर लक्षात ठेवतात.

चित्र होतं सकाळच्या नळाच्या रांगेचं. गॅलरीच्या टोकाला सार्वजनिक नळ, आणि त्याच्यापुढे हंडे, कळशा, बालद्या घेऊन उभी असलेली अख्खी चाळ. ज्याला रांगेत उभं राहायला वेळ नसेल त्याने आपलं भांडं ठेवून जायचं आणि मागच्याने ते सरकवत न्यायचं, हा तिथला कायदा. भांडं जागेवर आहे तोवर माणसाचा नंबर आहे, मग माणूस कुठेही असो. पद्मजाने नुसती ठेवलेली भांडीही काढली होती, आणि प्रत्येक भांड्यावरून ते कुणाचं ते ओळखता येत होतं. माणसं तर त्याहून ओळखता येत होती, आणि तिथेच घोटाळा झाला.

चाळीचे सेक्रेटरी राजाराम गुरव आले, बराच वेळ बघत राहिले आणि आपण रांगेत जांभई देताना का दाखवले गेलो आहोत, अशी त्यांनी पृच्छा केली. राजाराम गणेशोत्सवापासून सत्यनारायणापर्यंत सगळं ठराव मांडून करत. सेक्रेटरीच्या हातात निदान वही असावी, अशी त्यांनी दुरुस्ती सुचवली. मग कमळाबाई आल्या. नळावर कमळाबाईंचा शब्द चाले. चित्रात त्या कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, तोंड उघडं होतं, आणि मुख्य म्हणजे त्या कौसल्याबाईंच्या मागे होत्या. नाकात नथ घाल आणि मला पुढे घे, असं त्यांनी पद्मजाला आधी गोडीत आणि मग जरा कमी गोडीत सांगून पाहिलं.

पद्मजाने सगळ्यांना एकच उत्तर दिलं. "मला दिसतं तेवढंच मी काढते."

शामरावांचा ऊर भरून आला. त्यांनी वखारीतून सागाच्या उरलेल्या पट्ट्या मागून आणल्या, तासल्या, त्यांना पॉलिश केलं आणि चित्राभोवती चौकट ठोकायला घेतली. चाळीत कोणी खिळा ठोकू लागला की सल्लागार आपोआप जमतात. एकाने काच लावायला सांगितली, दुसऱ्याने काच फुटेल म्हणून जाळी सुचवली, तिसऱ्याने बाजूला उदबत्तीचं घर असावं असा आग्रह धरला. मालकाचे मुकादम वर येऊन म्हणाले की, भिंतीत खिळा मारायला लेखी परवानगी लागते. परवानगी कोण देतं, असं विचारल्यावर म्हणाले, मालक. मालक कुठे असतात, तर ते सध्या काशीला. शामरावांनी काशीला पत्र घातलं. उत्तर आलं नाही, तेव्हा नकारही आलेला नाही, या मुद्द्यावर त्यांनी खिळे मारले. कायद्याचं ज्ञान त्या वर्षी सगळ्यांचंच वाढलं होतं.

चौकट बसवल्यावर पद्मजा म्हणाली की चित्र अजून तिकडे आहे. शामरावांनी मान वर न करता आणखी पट्ट्या आणल्या आणि चौकट लांबवली. ते मापात गर्क होते. लांबवता लांबवता चौकट पाण्याच्या पाइपाच्या पलीकडे गेली.

आता, हा पाइप म्हणजे साधासुधा पाइप नव्हता. गॅलरी सगळ्यांची असली तरी कोणी कुठपर्यंत केर काढायचा, पापड कुठपर्यंत वाळत घालायचे आणि पाहुण्याची खाट कुठपर्यंत टाकायची हे चाळ बांधल्यापासून ठरलेलं होतं. कोचरेकरांची हद्द पाइपापर्यंत. पलीकडे कुशाबांची. कुशाबा गिरणीत साच्यावर कापड विणत. त्यांची बायको रमाबाई जानेवारीनंतर गावी गेली होती, ती अजून परतली नव्हती. जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीवर गोळीबार झाला त्या दिवशी त्यांचा मुलगा रघू खाली कसला आरडाओरडा चाललाय ते बघायला धावत गेला होता. त्याचं नाव आता सभांमध्ये हुतात्मा म्हणून घेतलं जात होतं. कुशाबा त्या सभांना जात नसत. पाळीवर जात, पाळीवरून येत, दार लावून घेत. शामराव भिंतीला भिंत लावून राहत होते, पण एवढ्या महिन्यांत "काय, पाळी कुठली?" याच्या पुढे त्यांना एक शब्द सुचला नव्हता. त्याची त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून ते आणखीनच कमी बोलत होते.

नथ न मिळालेल्या कमळाबाईंनी नेमकी ही हद्द पकडली. राजारामांकडे जाऊन त्या म्हणाल्या की, कोचरेकराने चौकट ठोकून कुशाबाची भिंत लाटली. बिचारा दुःखात आहे, बोलत नाही, म्हणून काय त्याच्यावर आक्रमण करायचं?

ते दिवसच असे होते की हद्द, आक्रमण आणि भूभाग हे शब्द दुधाबरोबर घरात येत. ऑगस्टात दिल्लीने द्वैभाषिक राज्य पदरात टाकलं होतं आणि दिवाळीच्या तोंडावर ते सुरू व्हायचं होतं. प्रत्येक गॅलरीत रोज नकाशे आखले जात. बेळगाव-कारवार तर सोडाच, काही उत्साही मंडळी त्याही पलीकडे सरकली होती. स्वतः शामराव रोज संध्याकाळी कठड्याला टेकून सांगत की, एक इंच जमीन सोडणार नाही. अशा माणसावर दीड हात भिंत बळकावल्याचा आरोप यावा, हा प्रकार त्यांच्या जिव्हारी लागला.

राजारामांनी सीमासमिती नेमली. सफेदीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी दिवे लागल्यावर, त्यांच्याच दारात सभा भरली. शामरावांनी आपली बाजू गंभीरपणे मांडली. चित्र अखंड आहे, रांग सलग आहे, मधूनच तोडली तर पलीकडची माणसं पाण्याविना राहतील. विरोधी पक्षाने खोली हा घटक धरावा, असा मुद्दा काढला. राजारामांनी मधला मार्ग म्हणून पाइपापलीकडचा भाग दोन्ही खोल्यांचा समाईक मानावा असं सुचवून पाहिलं, पण हे तर द्वैभाषिकच झालं असं कोणीतरी म्हणताच त्यांनी सूचना घाईने मागे घेतली.

"कुशाबांना विचारलं का कोणी?" मागून एकाने विचारलं.

विचारायला कोणी जावं यावर चर्चा झाली आणि प्रत्येकाला काही ना काही अडचण निघाली. त्या उंबऱ्यापाशी जाऊन सुरुवात काय बोलून करायची, हे एकालाही ठाऊक नव्हतं. शेवटी कुशाबांचं मौन हाच त्यांचा निषेध समजण्यात यावा, असं ठरलं. सगळ्यांना हायसं वाटलं.

मग कमळाबाई म्हणाल्या, "दुःखातल्या माणसाच्या भिंतीवर पोरीची हौस करायची, ही कसली माणुसकी?"

शामराव उठून उभे राहिले. आणि अपमान झालेला माणूस जो मोठेपणा करतो तो त्यांनी केला. पाइपाच्या पलीकडचं सगळं उद्या सकाळी आपण स्वतःच्या हाताने पुसून देऊ, आपल्याला कोणाची तसूभर भिंत नको, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. राजारामांनी शामरावांच्या उदार मनाची नोंद घेतली.

टाळ्या घेऊन ते घराशी आले तर पद्मजा दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, पाइपाच्या पलीकडे रघूदादा आहे."

शामरावांनी गॅलरीतल्या दिव्याच्या उजेडात पाहिलं. त्यांनी दोनदा चौकट ठोकली होती, पट्ट्या मोजल्या होत्या, कौसल्याबाईंच्या आकृतीचं येणाऱ्याजाणाऱ्यापाशी कौतुक केलं होतं. रांगेच्या त्या टोकाला कोण उभं आहे, हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं. जो तो स्वतःला शोधून थांबला होता. तिथे लांब पायांचा एक मुलगा उभा होता, बालदी टोपीसारखी डोक्यावर उपडी घातलेली, पाय उघडे. रघू रोज तशीच बालदी डोक्यावर घालून रांगेत यायचा आणि कमळाबाईंच्या शिव्या खायचा.

"हा कधी काढलास?"

"सगळ्यांत आधी," पद्मजा म्हणाली. "तोच पहिला काढला. मग बाकीचे त्याच्यापुढे लावले."

म्हणजे चित्र इकडून तिकडे गेलंच नव्हतं. ते कुशाबांच्या भिंतीवर सुरू झालं होतं आणि तिथून इकडे आलं होतं. आक्रमण झालं असेल तर ते कोचरेकरांच्या हद्दीवर झालं होतं. सीमासमितीपुढे हा मुद्दा निर्णायक ठरला असता, पण शामरावांना तो मांडावासा वाटेना. ते आत जाऊन बसले. जेवण गेलं नाही. ती होडी आणि थुंकी त्यांना सारखी आठवत राहिली. कौसल्याबाईंनी एकदा विचारलं की काय झालं, तेव्हा ते म्हणाले, उद्या सकाळी सांगतो, आणि सकाळी काय सांगणार ते त्यांना माहीत नव्हतं.

सकाळी भिवा रंगारी चुन्याची बालदी आणि कुंचले घेऊन हजर झाला. राजाराम देखरेखीला आले. दिवाळीची कामं टाकून बाकीची चाळही आली, कारण दुसऱ्याची माघार बघायला कोणालाच कंटाळा येत नाही. पद्मजा चौकटीपाशी उभी होती. ती रडत नव्हती, हे शामरावांना जास्त जड गेलं. कौसल्याबाईंनी फडकं भिजवून त्यांच्या हातात दिलं. तेच फडकं.

शामराव पाइपापर्यंत गेले. हात वर केला. रघूच्या बालदीपर्यंत नेला आणि तसाच खाली आणला.

"मी माझा शब्द मागे घेतो," ते म्हणाले.

राजाराम म्हणाले की ते शक्य नाही. ठराव मंजूर झालेला आहे, तो फिरवायचा तर पुन्हा सभा बोलवावी लागेल, आणि सणामुळे सभा आता लवकर बोलावता येणार नाही. भिवाने विचारलं की, मग मी थांबू की मारू. शामराव म्हणाले, थांब. राजाराम म्हणाले, मार. भिवाने कुंचला बालदीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. चुना त्याच्या पायावर ठिबकत होता.

तेवढ्यात जिन्यावर कुशाबा दिसले. रातपाळीवरून येत होते. खांद्यावर सुताचा भुगा, हातात डबा. गर्दी आपोआप बाजूला झाली. ते आपल्या दारापर्यंत आले, सगळ्यांकडे पाहिलं, शामरावांच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं.

"काय चाललंय?"

राजारामांनी घसा साफ केला आणि त्यांच्या भिंतीवर झालेलं अतिक्रमण, समितीची बैठक आणि त्यांच्या तक्रारीची घेतली गेलेली दखल हे सगळं रीतसर सांगितलं.

"माझी तक्रार?" कुशाबा म्हणाले. "मी कुणापाशी केली?"

कमळाबाई पदराचं टोक बघत राहिल्या. कुशाबांनी डबा खाली ठेवला आणि भिंतीपाशी बसले, रघूच्या अगदी शेजारी, पाठ टेकून. आता तिथे चुना मारायचा तर त्यांच्यावरच मारावा लागला असता. भिवाने कुंचला बालदीत सोडून दिला.

"रोज पाळीवरनं येतो तेव्हा हा इथं उभा असतो," कुशाबा कोणाकडेही न बघता म्हणाले. "पहिल्या दिवशी बघितलं आणि तसाच उंबऱ्यावर बसलो. मग सवय झाली. मला वाटायचं, चला, सगळे आपापल्या कामाला लागले, पण कुणीतरी पोराचा नंबर राखून ठेवलाय."

शामरावांना बोलायचं होतं. एवढ्या महिन्यांचं साठलेलं होतं. पण त्यांनी नुसतं फडकं पाठीमागे लपवलं आणि कुशाबांच्या बाजूला खाली बसले, पँट चुन्यात भिजते आहे याकडे लक्ष न देता. कुशाबांनी थोडं सरकून त्यांना जागा करून दिली.

जरा वेळाने कुशाबा पद्मजाकडे वळले. "पोरी, एक सांगू? त्याच्या पायात चपला काढशील? त्या दिवशी तसाच गेला बघ. अनवाणी."

आता काय होणार ते चाळीला माहीत होतं. पद्मजाने नथ नाकारली होती, सेक्रेटरीची वही नाकारली होती. ती कोणासाठी काही बदलत नसे. शामरावांनी तिच्याकडे पाहिलं. या एका वेळी तरी तिने ऐकावं, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि तसं तिला सांगायचा आपल्याला काही हक्क नाही हेही कळत होतं.

पद्मजाने रघूच्या पायांकडे पाहिलं. मग कुशाबांच्या दाराकडे. उंबऱ्याशी, भिंतीला लावून, रघूच्या चपला जानेवारीपासून होत्या तशाच होत्या. केर काढणारा त्यांच्या भोवतून केर काढी. पद्मजा कोळसा घेऊन त्या चपलांसमोर उकिडवी बसली. तिने त्या नीट बघून घेतल्या. नंतर उठली, कुशाबांना म्हणाली, "काका, जरा सरका," आणि चपला काढायला लागली. एका चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि सुतळीने बांधलेला होता. तिने ती सुतळीही काढली.

कुशाबा बघत राहिले. त्यांनी सुतळीवर बोट नेलं, पण कोळसा फिसकटेल म्हणून टेकवलं नाही.

"ही मीच बांधली होती," ते म्हणाले. "नवीन घेऊ म्हणून सांगितलं होतं त्याला."

मग त्यांनी डबा उचलला. "आता जाऊ दे त्याला कुठं जायचं तिथं," ते म्हणाले आणि आत गेले. त्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं नाही.

भिवाने चौकट सोडून बाकीची भिंत पांढरी केली. राजारामांनी त्याबद्दल कुठलाही ठराव मांडला नाही. शामरावांच्या हातातलं फडकं अजून ओलंच होतं. ते त्यांनी कौसल्याबाईंना परत दिलं आणि दोन कप चहा मागितला, एक शेजारी न्यायला.